जागा आहे

यातल्या एका तरी शब्दावर विश्वास ठेवून दाखव. पैज लावते, जमायचं नाही. मी थापाडी आहे हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा माहीत आहे. मी हाक मारली की ते आधी माझा हात बघतं, रिकामा आहे का ते. पण तूच विचारलंस, म्हणून सांगते. काखेतलं ते पुडकं खाली ठेव. उघडू नकोस, नुसतं ठेव. आणि त्या खुर्चीवर नको, इकडे पलंगावर बस. रिकामी दिसली म्हणजे ती रिकामीच असते असं थोडंच आहे. हं. आता ऐक.

१

एक बाई होती. नाव घेऊन काय करायचंय, सगळे तिला कात्रीच म्हणायचे. एक तर धंदा कापायचा, आणि दुसरी तिची जीभ. कापड नव्हे हं, आवाज कापायची. तेव्हा गाणी टेपवर उतरवायचे. तपकिरी फीत असायची, मोठाल्या रिळांवर गुंडाळलेली. गाणाऱ्याने मध्येच घसा खाकरला, कुणी शिंकलं, कुणाची खुर्ची वाजली, की कात्री तेवढीच फीत ब्लेडने कापायची आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायची. जोड कुठे आहे ते गाणाऱ्यालासुद्धा सापडायचं नाही.

तिची खोली एका लाँड्रीच्या मागे होती. खिडकी नाही. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. एका भिंतीतून लाँड्रीचा वाफेचा पाइप जायचा, ती भिंत कायम ताप आल्यासारखी गरम. मधे दोरी बांधलेली, तिला लाँड्रीतून ढापलेले कपड्यांचे चिमटे, आणि चिमट्यांना कापलेल्या फितींचे तुकडे लटकवलेले. फेकायची नाही ती. त्यातले शांततेचे तुकडे तर मुळीच नाही. का, तर प्रत्येक खोलीची शांतता वेगळी असते. तुला मला नाही कळत, तिला कळायचं. खाकरणं काढलं की तिथे त्याच खोलीची शांतता लावावी लागते, दुसरीकडची लावली तर ठिगळ दिसतं. डोळे बांधून नुसती शांतता ऐकवली तरी ती सांगायची, हा अमक्याचा दिवाणखाना, पडदे नुकतेच धुवायला काढलेत.

तिच्यामागे एकच माणूस. धाकटा भाऊ. त्याला म्हणायचे ठोक्या. आई होती तेव्हा डब्यांची झाकणं बडवायचा, आई गेल्यावर ड्रम बडवायला लागला. मधे नोकऱ्या करून पाहिल्या. चपलांच्या दुकानात लागला, तर गिऱ्हाइकाच्या पावलावर बोटांनी ठेका धरला, संध्याकाळी घरी. टपाल कचेरीत लागला, तिथे शिक्के मारायला दिले. शिक्क्यांचा असा काही ताल धरला म्हणे की रांगेतली माणसं डोलायला लागली. तिथूनही घरी. सगळ्या जगात त्याला नीट बसेल अशी एकच जागा होती, ड्रममागचं ते गोल स्टूल. ते गेलं तर पोराचं काय करायचं, हा घोर कात्रीला. तेवढा एकच, पण दिवसभर पुरायचा.

२

तर ठोक्याचा बँड. माणसं चार. ठोक्या ड्रमवर. गिटार आणि गाणं लंबूचं. दारातून येताना मान वाकवणारा आणि जाताना पैसे न देता हात हलवणारा. बेस वाजवायला मौनी. इतकं कमी बोलायचा की फोनवर लोकांना वाटायचं लाइन तुटली. आणि ऑर्गनवर बाई, शाळेतली मास्तरकी सोडून आलेली. त्याला ते रॉक म्हणायचे, पण साधंसुधं नव्हे, प्रयोग. एक गाणं सुरू झालं की कुकर लावून, उतरवून, जेवून, भांडी घासून झाली तरी चालूच. मधेच लंबू करवतीवर व्हायोलिनचा गज ओढायचा. बाई ऑर्गनच्या एका पट्टीवर वीट ठेवून खाली चहा प्यायला जायची, नि लोक टाळ्या वाजवायचे. वीट चांगली वाजवायची, खोटं कशाला बोलू.

यांनी ठरवलं, दोन तबकड्यांचा संच काढायचा. पहिली तबकडी हॉलमधल्या कार्यक्रमाची, लोकांसमोर वाजवलेली. दुसरी एकेकट्याची, प्रत्येकाने आपापल्या घरी, दार लावून, एकट्याने वाजवायचं. लांबी सगळ्यांची सारखी, बाकी कुणी काय वाजवतोय ते दुसऱ्याला सांगायचं नाही. नि कापायला, जोडायला अर्थात कात्री.

तिने आधी हॉलची रिळं लावली. शेवटी लंबू एकेकाची ओळख करून देतो. ड्रमवर ठोक्या, टाळ्या. बेसवर मौनी, टाळ्या. ऑर्गनवर बाई, टाळ्या आणि एक शिटी. गिटारवर तुमचा सेवक, टाळ्या. मग लंबू श्वास घेतो. नाव घ्यायच्या आधी घेतात तसा. आणि काही बोलत नाही.

आणि टाळ्या. सगळ्यात जास्त.

कात्रीने रीळ मागे घेतलं. पुन्हा तेच. मधे नुसती हॉलची शांतता, आणि लगेच जणू कुणी लाडका माणूस पुढे येऊन वाकलाय. वाटलं, फीत कुठे घासली असेल, नाव उडालं असेल. भिंग लावून पाहिली. फीत स्वच्छ.

संध्याकाळी जेवताना तिने भावाला विचारलं, "तुमच्यात पाचवा कोण?"

"कशात?"

"बँडमध्ये रे. लंबू शेवटी कुणाला पुढे बोलावतो?"

"आम्ही चौघंच की." ठोक्याने ताटाकडे बघत सांगितलं. "पाणी दे ना."

पाणी देताना तिच्या लक्षात आलं, हा खुर्चीच्या अर्ध्या भागावर बसलाय. एक मांडी हवेत.

"नीट बस की. पडशील."

"बसलोय की ताई. जागा आहे."

तिला वाटलं, तो खुर्चीबद्दलच बोलतोय.

३

मग एकेकट्यांची रिळं आली. आधी बाईचं. तिच्या घरची शांतता कात्रीला पाठ होती. जाड गालिचा आणि दूर कुठेतरी नळ गळतोय. ऑर्गन छान चाललाय, चाललाय, आणि मधेच बाई थांबते. आता वाजवणारे थांबतातच. पण थांबल्यावरही ताल आत चालू असतो, पुढचा सूर कुठे पडणार ते ऐकणाऱ्याला कळतं. हे तसं नव्हतं. इथे बाई गप्प बसून ऐकत होती. चारचौघांत बोलताना आपण दुसऱ्याला बोलायला देतो ना, मान हलवत, तशी. मग जणू त्याचं म्हणणं पटल्यासारखी पुन्हा सुरू होते.

मौनीचं रीळ लावलं. त्याचं घर म्हणजे चटया आणि पुस्तकं, कोरडी शांतता. तोही थांबतो. ऐकतो. मग पुढे जातो.

लंबूचं रीळ. तोही.

कात्री काही भोळी नव्हती. तिच्याकडे मशिनं दोन होती. तिने बाईचं एकावर लावलं, मौनीचं दुसऱ्यावर, आणि दोन्ही एकदम सुरू केली. दोघं एकाच वेळी थांबले. एकाच वेळी सुरू झाले. मौनी काढून लंबू लावला. तेच. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या घरांत, एकमेकांना न सांगता वाजवलेलं, आणि भोक मात्र तिघांना एकाच ठिकाणी.

ती उठून गरम भिंतीला टेकून उभी राहिली. डोकं भराभर चालायला लागलं. न सांगता म्हणे. सगळं ठरलेलं आहे यांचं. नवा माणूस आणलाय यांनी. हॉलमध्ये त्याला मंचावर उभंसुद्धा केलं, लोकांना दाखवला, नाव तेवढं मुद्दाम घेतलं नाही म्हणजे माझ्यापर्यंत यायला नको. आता या भोकांमध्ये त्याचं वाजवणं नंतर ओतणार. आणि नवा माणूस कशाला लागतो? गिटार आहे, बेस आहे, ऑर्गन आहे, वीटसुद्धा आहे. नवा लागतो तो ड्रमवर.

माझ्या पोराला उठवतायत.

४

दुसऱ्या दिवशी लंबू आणि बाई आपण होऊनच आले. लंबू मान वाकवून आत शिरला, चिमट्यांच्या दोरीत डोकं अडकवून घेतलं.

"आमचं कसं झालंय, कात्रीबाई?"

"झालंय की. भोकं सोडली तर उत्तम."

"कसली भोकं?"

"चाळणीला असतात तसली. कुणासाठी जागा सोडलीत, सांगा आता मुकाट्याने."

लंबू हसायला लागला, पण हसू मधेच संपलं. "मी घरी एकटा होतो. दार लावून. वाजवताना थांबतो माणूस कधी कधी."

"थांबतो. ऐकत नाही. तू ऐकत होतास."

"टेपवर दिसतं का ते?"

"मला दिसतं. आणि हॉलमध्ये शेवटच्या टाळ्या कुणाला?"

लंबूने बाईकडे पाहिलं. बाईने शाळेत घ्यायची तसा आवाज घेतला. "हे बघ, आम्ही काही ठरवलं नाही. टाळ्या लोक वाजवतात. आम्ही त्यांना थांबवायला कशाला जाऊ?"

"गेल्या कार्यक्रमाला पण वाजवल्या होत्या?"

"त्याच्या आधीपासून," लंबू पुटपुटला, आणि बाईने त्याच्या पायावर पाय दिला. कात्रीने तो पाहिला. असले पाय ती बरोबर पाहायची.

"ठोक्याला काढायचंय तर तोंडावर सांगा," कात्रीने विचारलं नाही, सरळ ठणकावलंच. "त्याच्या बहिणीकडून त्याच्याच बदलीचा साचा कापून घेता, लाज नाही वाटत?"

"ठोक्याला?" बाई खरंच गोंधळली. निदान तसं दिसली तरी. "अगं, ठोक्याला कोण काढतंय? उलट म्हणून तर..."

"म्हणून तर काय?"

बाईने पर्स उचलली. दारात वळून ती एवढंच बोलली, तेही अगदी मऊ आवाजात, "तेवढं कापू नकोस हं. जागा आहे तशी राहू दे."

आता मला सांग, कात्रीला कुणी म्हणायचं का, कापू नकोस?

५

सगळ्यात शेवटी ठोक्याचं रीळ. त्याने स्वतः आणून दिलं, शर्टाच्या आत, पिल्लू आणल्यासारखं.

"चांगलं झालंय ताई. माझं आत्तापर्यंतचं सगळ्यात चांगलं."

"कुणी शिकवलं कसं वाजवायचं ते?"

"कुणी नाही. बसलो आणि वाजवलं."

तो गेल्यावर तिने लावलं. खरंच चांगलं होतं. त्या खोलीची शांतता तर तिच्या स्वतःच्या घरची. भिंतीवरचं घड्याळ, त्याच्या स्टुलाची किरकिर, खालच्या मजल्यावरची शिलाईची मशीन. आणि बरोबर तिथेच, जिथे बाकीचे थांबले तिथेच, तिचा भाऊ हात वर धरून थांबला होता. ऐकत होता. आपल्याच बदलीला या बसा म्हणत होता, आणि खुळ्याला पत्ता नव्हता.

तिच्या डोळ्यांतून पाणी आलं म्हणतात. मला नाही वाटत. तिने ब्लेड बदललं, हे मात्र खरं.

बाईचं भोक कापलं. मौनीचं कापलं. लंबूचं, ठोक्याचं, आणि हॉलमधला तो श्वास, ती शांतता आणि त्या सगळ्यात जास्त टाळ्या. टोकाला टोक असं भिडवलं की सुरी शिरायला फट नाही. लांबी सगळ्यांची सारखीच कमी झाली, म्हणजे ओरडायला कुणाला तोंड नाही. तुकडे चिमट्यांना लटकवले, रिळं बंद केली आणि बँडला न ऐकवता थेट तबकड्यांच्या कारखान्यात धाडून दिली. वेळ नाही, बाजारात उशीर होईल, ही सबब. सबबी तिच्याकडे बऱ्या असायच्या.

आता बघते, कुठे बसवतात ते त्याला, असं तोंडाने म्हणालीसुद्धा. भिंतीवरच्या गाद्यांनी ऐकून घेतलं.

६

त्यानंतर ठोक्या जरा गप्प झाला. घरात भिंतीला धरून चालायचा. दारातून जाताना आधी अंग बाजूला करायचा, कुणाला पुढे जाऊ दिल्यासारखा, मग आपण जायचा. झोप नाही. कात्री पहाटे उठली की हा स्वयंपाकघरात टक्क जागा. तिने ठरवून टाकलं, लंबूने याला काहीतरी ऐकवलेलं दिसतंय. लंबूच्या नावाने तिने दोन-चार ठेवणीतल्या शिव्या मोकळ्या केल्या आणि कामाला लागली.

रिळं परत आली, तबकड्या छापून दुकानांत गेल्या, आणि त्या आठवड्यात तिच्याकडे दुसऱ्याच कुणाचं काम आलं. तिच्याच घरी वाजवून घेतलेलं, म्हणून त्यात तिच्या घरची शांतता लागत होती. तिला वाटलं, दोरीवर आहेत की घरचे तुकडे. पण तुकडे सगळे तपकिरी, सगळे सारखे, आणि कुठला कुठला ते चिमट्यावर लिहायची तिला सवय नव्हती. कानाने ओळखायची ना ती. म्हणून ते कापलेले सगळे तुकडे तिने एकामागे एक जोडले आणि मशिनवर लावले. दुपार होती. लाँड्रीतले लोक जेवायला गेलेले, पाइपसुद्धा गप्प.

पहिली शांतता, गालिचा आणि गळका नळ. बाईचं घर. त्यात अगदी बारीक, एक किरकिर. लाकडाच्या स्टुलावर कुणी वजन टाकलं की होते तशी.

दुसरी, चटया आणि पुस्तकं. मौनीचं घर. तीच किरकिर.

तिसरी लंबूची. तीच.

चौथी तिची स्वतःची. घड्याळ. शिलाईची मशीन. ठोक्याचं स्टूल ती ओळखत होती, त्याची किरकिर वेगळी, चिमणीसारखी. ती आधी ऐकू आली, म्हणजे तिचा भाऊ सरकला. आणि मग ही दुसरी.

स्टूल एकच, आणि घरं वेगवेगळी. स्टूल काही टॅक्सीने फिरत नाही. कात्री स्वतःची समजूत घालत बसली. लंबूने हेही आधीच टेपवर करून ठेवलं असेल. पण ठोक्याच्या रिळावर? तिच्याच घरात? दाराची किल्ली कुणाकडे आहे? शेजारणीकडे आहे. शेजारीण मिळाली असेल यांना. तिने शेजारणीलासुद्धा त्यात ओढलं बघ, जिला धड रेडिओ लावता यायचा नाही.

मग शेवटचा तुकडा आला. हॉलचा. लंबूचा श्वास. आणि टाळ्या सुरू व्हायच्या आधी, अगदी माइकजवळ, कुणीतरी विचारलं, पाइप चालू असता तर पुन्हा सुटलं असतं इतक्या हळू. अदबीने. दारातून डोकावून विचारतात तसं.

"जागा आहे?"

तिने मशीन बंद केलं. पुन्हा लावायला हात होईना. बसायला जागा आहे का, असं विचारलं त्याने? की कुणीतरी अजून जागा आहे का, झोपलेला नाही ना, असं? लहानपणी आई ठोक्याच्या दारातून असंच विचारायची. आवाज आईचा नव्हता. कुणाचाच नव्हता. पण विचारणारा सभ्य होता. नाही म्हटलं असतं तर गेला असता, असा.

आणि तिच्या मनात आलं, नाही म्हणायची ही रीत नव्हे. मी नाही म्हटलंच नाही. मी नुसती त्याच्या बुडाखालची खुर्ची काढली.

७

ती घरी निघाली. उन्हं चांगली कडक, रस्त्यावर माणसं, सगळं जिथल्या तिथे. जिन्यातच तिला ड्रम ऐकू आले आणि जीव भांड्यात पडला. वाजवतोय. आणि काय वाजवतोय. असं त्याने जन्मात वाजवलं नव्हतं, कुठे थांबणं नाही, कुठे फट नाही, तिने स्वतः जोडून द्यावं तसं सलग. ती पहिल्या मजल्यावर थांबून हसली म्हणे. म्हणजे खूळ गेलं डोक्यातलं.

शेजारीण दारात कपड्यांच्या घड्या घालत होती. "पोरगा रंगात आलाय आज."

"आलाय खरा."

किल्लीने दार उघडलं. ड्रम चालूच. स्वयंपाकघरात ठोक्या उभा होता. भिंतीला पाठ लावून, हातात रिकामा कप.

आतल्या खोलीत ड्रम चालूच.

"हळू ये," तो कुजबुजला. "वाजवतोय."

"कोण?"

त्याने खांदे उडवले.

"तू का नाही बसलास?"

"जागा नाही गं ताई." तक्रार नव्हती त्यात. बसमध्ये उभं राहावं लागलं तर माणूस सांगतो, तसं. "आधी आम्ही अर्धं अर्धं बसायचो. मी ड्रमवर असलो की मधे थांबायचो तेवढी जागा त्याची, बाकीची माझी. आता त्याला तेवढीसुद्धा राहिली नाही ना. मग त्याने सगळंच घेतलं." आणि मग त्याने तिच्याकडे पाहिलं. "तू कापलीस का?"

आतल्या खोलीचं दार बोटभर उघडं होतं. कात्री पुढे गेली. खोटं नाही, पुढे गेली ती, तेवढी छाती होती तिची. फटीतून स्टुलाचा एक पाय दिसला. आणि स्टुलावर पूर्ण, ऐसपैस बसलेल्या कुणाचंतरी कोपर. बाहीला तिनेच शिवलेलं बटण. ठोक्याचा शर्ट होता तो. ती वळली तर ठोक्याच्या अंगावर नुसता बनियन.

ठेका थांबला. तिला कळलं, आत कुणीतरी ऐकतंय. मान हलवत. तिची पाळी आहे, असं.

तिला एकही सबब सुचली नाही. म्हणून ती खरं तेच बोलली. "असू दे. जागा आहे. मी करते."

८

पळत खोलीवर गेली, तुकडे पुन्हा सुटे केले आणि ज्याची शांतता त्याच्या रिळात बसवली. बाईची बाईला, मौनीची मौनीला. घाई एवढी केली की जोड दिसतात म्हणे. जन्मात तिचे तेवढेच जोड दिसले. हॉलमधल्या टाळ्यासुद्धा लावल्या. कारखान्यात जाऊन बसली, नवी खेप काढवून घेतली. घरी आली तर ठोक्या आपल्या स्टुलावर, अर्ध्या भागावर, शर्ट घालून. बाईला, लंबूला आणि मौनीला तिने जेवायला बोलावलं, माफी बिफी मागितली नाही, फक्त ताट एक जास्त मांडलं. कुणी काही विचारलं नाही. मौनी मात्र बोलला त्या दिवशी. "बरं झालं," म्हणाला.

संपली गोष्ट. म्हणजे संपली असती.

पण पहिली खेप दुकानांतून विकली गेली होती ना. फट नसलेली. ती घराघरांत गेली, मग माळ्यावर, मग रद्दीवाल्याकडे. आणि कुणी ती लावली, कुठेही लावली, की ठोक्या असेल तिथून उठून उभा राहतो. रांगेत असेल तर रांग सोडतो. जेवत असेल तर ताटावरून उठतो. भिंतीला पाठ लावतो आणि वाट बघतो, तबकडी संपेपर्यंत. कधी कधी लोक दोन्ही बाजू ऐकतात. कधी एखाद्याला फार आवडते, मग पुन्हा लावतात. तरणा होता तोवर निभलं. आता त्याचे गुडघे दुखतात.

म्हणून ती बाई जुन्या बाजारात फिरते, म्हणे. सगळे डबे उलटेपालटे करते. पहिल्या खेपेची मिळाली की घेते नि दगडावर आपटते. पोरं हसतात, म्हातारी खुळी झाली म्हणतात. तुला वाटेल, ओळखायची कशी पहिली खेप? सोपं आहे. हॉलच्या बाजूला शेवटी लंबूचं 'तुमचा सेवक' झालं की टाळ्या, आणि बास. नंतर कुणी श्वास घेत नाही. दुसरीत घेतो.

मी कोण ते नको विचारूस. मी थापाडी. आतमध्ये कोण खोकलं, तेही नको. त्याला सारखं उठबस झाली की खोकला येतो.

तुझ्या पुडक्यात काय आहे ते मला न उघडता माहीत आहे. आणि काल दुपारी घरी नेल्यानेल्या लावलीस, हेही माहीत आहे. मान हलवू नकोस. आमची जेवणं चालली होती. दोन घाससुद्धा पोटात गेले नव्हते त्याच्या. दोन्ही बाजू ऐकल्यास ना? पुन्हा पण लावलीस. आवडली, असं दिसतंय.

असू दे, रागावले नाही. तुला काय माहीत. ते पुडकं राहू दे तिथेच, खाली. त्या खुर्चीला धक्का न लावता ऊठ. आता जा.